मिक्स कानात की खोलीत?

सध्या माझ्या फोनमध्ये एकाच अभंगाचे दोन मिक्स आहेत. गायक तोच, पखवाज तोच, टाळकरी तेच, पेटीवर अस्मादिक. पहिला मिक्स माझ्या मित्राने अंधेरीच्या स्टुडिओत स्पीकरसमोर बसून केलेला. दुसरा त्याच्या सख्ख्या भाचीने डोंबिवलीच्या वन बीएचकेत, आतल्या खोलीत, रात्री जेवणं उरकल्यावर हेडफोन लावून केलेला. मित्र टेपच्या काळापासून या धंद्यात आहे. भाची दिवसा आयटीत नोकरी करते आणि रात्री नव्या पोरापोरींची मराठी गाणी मिक्स करते. त्यातली काही गाणी मामाच्या गाण्यांपेक्षा जास्त ऐकली जातात, हे मामाला ठाऊक आहे. कोणता मिक्स बाहेर काढायचा यावर दोघांचं जमेना. शेवटी एका रविवारी मी मामाला घेऊन डोंबिवली गाठली. भांडण मिटवायला गेलो होतो असं म्हणणार नाही. मला ते ऐकायचं होतं.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी एवढंच: हल्ली बहुतेक वेळा प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित होतं. कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे, कुणाला किती घुमारा, हे नंतर ठरवणं म्हणजे मिक्सिंग. हे काम ज्यावर ऐकत करायचं तो स्पीकर, स्टुडिओच्या भाषेत मॉनिटर, खरं बोलणारा हवा. तो खोटं बोलला तर त्याच्या खोटेपणाची दुरुस्ती तुम्ही गाण्यात करून बसता.

मामा : तुझा मिक्स स्वच्छ आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण टाळ बघ कुठे नेऊन ठेवलेस. एक पार डाव्या टोकाला, दुसरा पार उजव्या. दिंडीत टाळकरी असे दोन गावांत उभे करतात का?

भाची : हेडफोनवर छान मोकळं वाटतं रे. मधे गायकाला जागा मिळते.

मामा : मोकळं वाटतं, कारण डावा टाळ उजव्या कानाला ऐकूच येत नाही. अजिबात नाही. बाहेरच्या जगात असं होत नाही. कुणी तुझ्या डाव्या कानाशी येऊन टाळ वाजवला तरी उजव्या कानाला तो कळतोच. स्पीकरचंही तसंच. डाव्या स्पीकरचा आवाज डोक्याला वळसा घालून उजव्या कानात जातो, साधारण पाव मिलिसेकंद उशिरा आणि धार थोडी बोथट होऊन. मेंदू त्यावरून दिशा ठरवतो. अ‍ॅलन ब्लमलाइनने १९३१ मध्ये इंग्लंडात स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याचा सगळा हिशेबच यावर आहे. दोन स्पीकर, आणि दोन्ही कानांना दोन्ही स्पीकर. हेडफोनवर तो हिशेब मोडतो. टाळ खोलीत वाजत नाही, कवटीत वाजतो.

भाची : वाजू दे की. ऐकणारा पण कवटीतच ऐकतोय. सकाळची डोंबिवली फास्ट बघ. ज्याला हात वर करायला जागा आहे त्याच्या कानात इअरफोन आहे, आणि ज्याला नाही त्याने तो प्लॅटफॉर्मवरच लावून घेतलाय. दोन स्पीकर, समभुज त्रिकोण, तिसऱ्या टोकाला खुर्ची आणि गाणं संपेपर्यंत त्या खुर्चीतून न हलणारा माणूस. आमच्या अख्ख्या सोसायटीत असं एक घर दाखव.

मामाने दाखवलं नाही. माझ्या सोसायटीतही असं घर नाही.

मामा : बरं, इअरफोनवाले तुझे. पण गाणं तिथेच थांबत नाही. २०१६ च्या 'सैराट'चा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित झाला, एवढा थाट. आणि लोकांनी 'झिंगाट' ऐकलं कशावर? वरातीतल्या डीजेवर. आपला अभंग आषाढीच्या आधी बाहेर पडणार. तो मंडळाच्या कर्ण्यावर वाजेल, रिक्षात वाजेल, टपरीवर फोन काचेच्या ग्लासात उभा करून वाजेल. तिथे डावं-उजवं काही राहत नाही, सगळं एकात एक. तू कोरसवर काय लावलं होतंस?

भाची : वायडनर. धृपद धरणारे चारच जण होते, जास्त वाटावेत म्हणून.

मामा : त्या वायडनरने एका बाजूची लाट उलटी केली. सुलटी आणि उलटी लाट हवेत भेटली की एकमेकींना खातात. स्पीकरसमोर बसलेल्याला ते लगेच कळतं. आवाज पोकळ होतो, डोक्यामागून आल्यासारखा वाटतो. हेडफोनवर त्या लाटा भेटतच नाहीत. एक या कानात, दुसरी त्या कानात. म्हणून तुला नुसतं रुंद वाटलं. आता ताईचा तो स्वयंपाकघरातला ब्लूटूथ स्पीकर आण.

आणला. मूठभर आकाराचा, एकाच स्पीकरचा, फोडणीचे डाग पडलेला. त्यावर गायक होता, पखवाज होता, माझी पेटी कधी नव्हे ती स्पष्ट होती. धृपद धरणारे चौघे मात्र रजेवर गेलेले.

भाची : हे चुकलं माझं. पण हे हेडफोनचं पाप नाही, डावं-उजवं एक करणारं मोनोचं बटण न दाबल्याचं आहे. ते हेडफोन लावूनही दाबता येतं. 'थ्रिलर' मिक्स करताना ब्रूस स्वीडिन बराच वेळ ऑराटोनच्या छोट्या चौकोनी डबीवर ऐकायचा ना? हवे ते स्पीकर हाताशी असताना? तूच सांगितलेलंस.

मामा : सांगितलं होतं. ऐकलं नाहीस.

भाची : आता तू ऐक.

ती उठली आणि कपाटाशेजारी चादरीखाली झाकलेले दोन स्पीकर तिने उघडे केले. आठ इंची. सुरुवातीच्या कमाईतून घेतलेले. दुकानदार म्हणाला होता, घ्यायचेच तर मोठे घ्या, पुन्हा पुन्हा खर्च नको. खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद, उंची साडेनऊ. एका बाजूला पलंग, एका बाजूला कपाट, खिडकीजवळ टेबल. तिने कॉम्प्युटरवर ४७ हर्ट्झचा एकसुरी आवाज लावला आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही खिडकीपासून दारापर्यंत हळूहळू चालत जा."

खिडकीच्या भिंतीला पाठ टेकली तेव्हा आवाज पोटात गुरगुरत होता आणि काच बारीक थरथरत होती. दोन पावलं पुढे आलो, खोलीच्या मधोमध, आणि तो जवळजवळ नाहीसाच झाला. दाराशी पोचलो तर पुन्हा तेवढाच. आवाजाच्या बटणाला कुणी हात लावला नव्हता. मी उलटा चालत जाऊन परत खात्री करून घेतली. मामा पलंगावर बसून हे सगळं ओळखीच्या कंटाळ्याने बघत होता.

भाची : आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ४७ हर्ट्झची एक लाट सात मीटरच्या वर, म्हणजे चोवीस फूट. माझी खोली बारा फूट. बरोब्बर अर्धी लाट मावते आणि दोन भिंतींच्या मधे अडकून उभी राहते. भिंतींपाशी जोर, मधे खड्डा. दहा फूट रुंदीचा असाच आकडा ५६ आणि साडेनऊ फूट उंचीचा ५९. ते दोघे शेजारी शेजारी, म्हणजे तिथे डबल गोंधळ. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावून जो घुमारा काढतात तो याच पट्ट्याच्या आसपासचा. मग इथे स्पीकरसमोर बसून मी तो घुमारा कमी करू की जास्त? खुर्ची वीतभर मागे घेतली की उत्तर बदलतं. सुरुवातीला मी खड्ड्यात बसून बेस वाढवत राहिले. तेच गाणं कुणी गाडीत लावलं की विचारायचा, पखवाज आहे की बुलडोझर?

मामा : होणारच. एवढीशी खोली आणि आठ इंची स्पीकर. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले नाहीस हे नशीब.

भाची : लावले होते.

मामा : अगं, अंड्याच्या ट्रेची त्या चोवीस फुटी लाटेला दखलसुद्धा नसते. ट्रे टाळांची चमक तेवढी थोडीफार मारतो, खालचं सगळं तसंच. तळाचा आवाज शोषायला जाडी लागते. कोपऱ्यांत रॉकवूल, चार इंच नाहीतर सहा इंच, कापडात नीट गुंडाळून, भिंतीपासून थोडं सोडून. माझ्या स्टुडिओत स्पीकरपेक्षा भिंतींवर जास्त पैसे गेलेत. येणाऱ्याला ते दिसत नाहीत, नुसतं कापड दिसतं.

भाची : आणि ताशी भाडं दिसतं. माझं गिऱ्हाईक कोण? कॉलेजातला पोरगा, पदरमोड करून गाणं करणारा. त्याला तुझ्या स्टुडिओचे दोन दिवस परवडणार आहेत का? आणि रॉकवूल मी लावू कुठे? भाड्याचं घर आहे, मालक खिळा ठोकू देत नाही. काम करते ते रात्री. अकरानंतर स्पीकरवर पखवाज लावला की खालच्या मजल्यावरचे आजोबा जिना चढून वर येतात, त्या वयात. दिवसा लावावा तर कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाला, डोक्यावर पंखा. हेडफोनने या सगळ्याला रजा दिली. भिंत नाही, खड्डा नाही. बंद पाठीचा हेडफोन नीट बसला तर ३० हर्ट्झसुद्धा ऐकू येतात. तू आता पाच इंची मॉनिटर घे म्हणशील. यामाहाच्या कागदावर बघ, एचएस-५ चा आवाज ७४ हर्ट्झलाच ३ डेसिबलने उतरलेला असतो. धुम्याचा तळ त्याच्याही खाली.

इथे मला तिचं पटलं, अजूनही पटतं. वाईट खोलीत ठेवलेला चांगला स्पीकर वाईटच असतो, मग त्याची किंमत काहीही असो. आपल्याकडे नवी पोरं पहिले पैसे आले की मॉनिटर विकत घेतात, कारण फोटोत स्टुडिओ दिसतो. खोली फोटोत दिसते, ऐकू येत नाही.

मामा : खोली घालवलीस, त्याबरोबर हवाही घालवलीस. आता गायकाकडे ये. तुझ्या मिक्समध्ये तो मागे पडलाय. स्टुडिओत लावला तर शब्द पेटीखाली गेले.

'पेटीखाली' म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं. मी चहा प्यायला.

भाची : हेडफोनवर शब्द न् शब्द स्पष्ट आहे.

मामा : असणारच. दोन स्पीकरच्या मधे तुला गायक उभा वाटतो, पण तिथे स्पीकर कुठे आहे? दोन्हीकडून तोच आवाज येतो आणि मेंदू त्याला मधे उभा करतो. म्हणजे प्रत्येक कानाला त्या आवाजाच्या दोन प्रती मिळतात. जवळच्या स्पीकरची आधी, लांबच्याची पाव मिलिसेकंद उशिरा. त्या उशिरामुळे २००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही प्रती एकमेकींना थोड्या खातात. शब्द उमटायला नेमका तो पट्टा लागतो. खोलीतल्या भिंतींवरून येणारा आवाज तो खड्डा थोडाफार बुजवतो, पण पूर्ण नाही. हेडफोनवर प्रत्येक कानाला एकच प्रत, त्यामुळे खड्डाच नाही. तुला शब्द उठून ऐकू येतात, तू गायकाचा फेडर खाली ओढतेस, आणि स्पीकरवर गेला की तो बुडतो. घुमाऱ्याचं, म्हणजे रिव्हर्बचंही तेच. कानाला चिकटून त्याचं शेपूट शेवटपर्यंत ऐकू येतं, म्हणून तू जेमतेम टाकतेस. माझ्या खोलीत तुझा गायक कोरडा ठणठणीत उभा होता. अभंग गातोय की बातम्या देतोय?

भाची : मग उलटंही खरं आहे. तुझा मिक्स मी लोकलमध्ये ऐकला. गायक माझ्या खांद्यावर बसून ओरडत होता. तू खड्डा भरायला त्याला वर नेलास, माझ्या कानात खड्डाच नव्हता.

मामाने तोंड उघडलं आणि मिटलं. नंतर दोघांच्या फाइली शेजारी लावून पाहिल्या, तेव्हा गायकाच्या पातळीतला फरक निघाला जेमतेम दीड डेसिबल. या धंद्यात एवढ्यावरून मैत्र्या तुटतात.

भाची : आणि हेडफोनवर स्पीकरचा भास करून देणारी सॉफ्टवेअर आहेत ना. डाव्याचं थोडं उजव्या कानात मिसळतात, तुझ्या त्या पाव मिलिसेकंदासकट. बेंजामिन बाउअरने ही युक्ती १९६१ मध्येच मांडली होती.

मामा : लावून बघितलंय. दुसऱ्याच्या डोक्याच्या मापाचं असतं ते.

भाची : माझ्या डोक्याला बसतं.

मामा : मग वापर. पण स्पीकर म्हणजे गोड आवाज असं मी म्हणतोय असं समजू नकोस. आमच्या वेळी जाशील त्या स्टुडिओत कन्सोलवर यामाहाचा एनएस-१० दिसायचा. काळी पेटी, पांढरा कोन. १९७८ मध्ये घरात गाणी ऐकायला म्हणून काढलेला. घरच्या मंडळींना काही तो रुचला नाही. कर्कश! ट्वीटर इतका बोचायचा की अमेरिकेत बॉब क्लिअरमाउंटनने त्यावर टिश्यू पेपर लावला म्हणतात. मग सगळे लावायला लागले, आणि कुठला टिश्यू चांगला यावर वाद घालायला लागले. पण त्यावर गाणं बरं वाटलं की ते कुठेही बरं वाटायचं. २००१ मध्ये बंद झाला, कोनाला लागणारा लगदा मिळेनासा झाला म्हणून. अजून लोक जुनी जोडी शोधत फिरतात.

भाची : म्हणजे चांगला होता म्हणून नाही, ओळखीचा होता म्हणून. मग माझा हेडफोन मी तसाच ओळखते. अँड्र्यू शेप्स बघ. अडेल, रेड हॉट चिली पेपर्स, एवढी मोठी नावं केलेला माणूस सोनीच्या ७५०६ वर मिक्स करतो. निळ्या पट्टीचा तो हेडफोन १९९१ पासून आहे, तुझ्या स्टुडिओत पण गायकांना देतोस तू.

मामा : शेप्सने आधी कित्येक वर्षं भल्यामोठ्या कन्सोलसमोर, स्पीकरवर काढली. त्याच्या डोक्यात स्पीकर बसलाय. हेडफोनमध्ये असं ऐकू आलं म्हणजे खोलीत तसं होणार, हे त्याला आपोआप कळतं. तू ते कुठे शिकलीस?

भाची : तुझ्याकडे. मेच्या सुट्टीत येऊन मागच्या सोफ्यावर बसायचे ना.

यावर मामाने नुसती मान हलवली. मग विषय बदलायचा म्हणून की काय, त्याने तिचा हेडफोन मागून घेतला. दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाला, "पखवाज कुठाय?" ती म्हणाली, "चष्मा काढ." चष्म्याच्या दांडीने कानाभोवतीची गादी उचलली जात होती आणि त्या फटीतून खालचा सगळा आवाज निसटत होता. चष्मा काढला तसा पखवाज आला, धुमा आला, कणकेचा ओला घुमारासुद्धा आला. मग मामाला पडद्यावरचं काही दिसेना.

मामा : म्हणजे तुझ्या हेडफोनलाही भिंती आहेत. गादी झिजली की आवाज बदलणार, चष्मा लावला की बदलणार. कानाच्या पाळीची घडण तर ज्याची त्याची, त्यामुळे वरचे स्वर तुला वेगळे, मला वेगळे. खोली निदान मोजता येते. मापाचा माइक आणायचा, रूम ईक्यू विझार्ड फुकट मिळतं ते चालवायचं, खड्डे आलेखात दिसतात. त्याच खुर्चीत आधी मी बसलो, मग तू बसलीस, तरी खड्डा तोच. हेडफोनमध्ये मी काय ऐकतो ते तुला कधीच कळणार नाही. आणि गंमत सांगू? हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्याच्या लोकांनी हेडफोनचा आवाज कसा असावा याचा आलेख बसवला. कशावरून? चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरवरून. शेवटी हेडफोनने नक्कल करायची ती खोलीचीच.

भाची : आणि खोल्या कुणासाठी बांधतायत आता? डॉल्बी अ‍ॅटमॉस. सात स्पीकर भोवती, एक सबवूफर, चार छताला. बारा स्पीकर लावून मिक्स करायचा. २०२१ पासून ती गाणी अ‍ॅपल म्युझिकवर आली, आणि ऐकणारे ती ऐकतात कानात दोन बोंडं घालून.

मामा : ते जाऊ दे. किती मोठ्याने ऐकतेस?

भाची : आकडा नाही सांगता येणार.

मामा : तेच म्हणतोय मी. स्पीकरसमोर मीटर धरला की आकडा मिळतो. कानाच्या आत मीटर कुठे धरणार? अमेरिकेतल्या निओश संस्थेने कामगारांसाठी मर्यादा घालून दिली आहे. ८५ डेसिबल, आठ तास. ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. तू दिवसभर ऑफिसच्या मीटिंगा हेडफोनवर करतेस आणि रात्री परत तोच डोक्यावर. मोठ्या आवाजात सगळंच भरदार वाटतं. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सननी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय, आवाज कमी केला की कानाला सगळ्यात आधी तळ ऐकू येईनासा होतो. म्हणजे मोठ्याने मिक्स केलेलं गाणं कुणी हळू लावलं की पखवाज गेला. मिक्सही बिघडतो आणि कानही.

भाची : झोपताना कधीकधी शिट्टी वाजते कानात.

मामाची ताई, म्हणजे भाचीची आई, पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. तिने हे ऐकलं आणि पुढची काही मिनिटं जे बोलणं झालं त्याचा संगीताशी संबंध नव्हता. ते इथे देत नाही. ठरलं एवढं: कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, दर तासाला हेडफोन काढून खिडकीशी उभं राहायचं, आणि इंटरफेसच्या गोल बटणावर पांढऱ्या पेनाने रेघ मारून त्या रेघेच्या पुढे जायचं नाही. रेघ मामाने स्वतः मारली. ती तिला फारच खाली वाटली, पण आई समोर असल्याने ती काही बोलली नाही.

बाहेर पडला तो भाचीचा मिक्स. फक्त त्याआधी ती तो घेऊन मामाच्या स्टुडिओत दोन तास बसून आली. टाळ आत ओढले, टोकापासून निम्म्यावर. वायडनर काढून टाकला आणि त्या चौघांकडून धृपद पुन्हा गाऊन घेतलं. गायक पाऊण डेसिबल वर नेला, म्हणजे दोघांच्या बरोबर मधे, आणि ते आपण ठरवल्याचं दोघंही सांगतात. रिव्हर्ब थोडा वाढला. पखवाजाच्या तळाला मात्र मामाने हात लावला नाही. भाचीने हेडफोनवर तो जसा बांधला होता तसा त्याच्या खोलीत चोख लागला. पेटी आहे तिथेच आहे.

मला विचाराल तर, दहा बाय बाराच्या खोलीत, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून काम करत असाल तर हेडफोनवरच मिक्स करा आणि त्याबद्दल कुणाची माफी मागू नका. पण टाळ कुठे, गायक किती आणि घुमारा किती, हे तीन निर्णय हवेत एकदा ऐकल्याशिवाय पक्के करू नका. पैसे मोजके असतील तर आधी एक बरा हेडफोन घ्या आणि वर्षभर तोच वापरा, मग जमलं तर कोपऱ्यांत रॉकवूल, आणि सगळ्यात शेवटी मॉनिटर, तेही छोटे. ओळखीच्या कुणाचा नीट बांधलेला स्टुडिओ दोन तासांसाठी घेणं हे नव्या स्पीकरच्या हप्त्यापेक्षा स्वस्त पडतं. भाचीचे आठ इंची स्पीकर विकायला आहेत, फारसे न वाजलेले, खोक्यासकट. ज्यांच्याकडे मोठी खोली आहे त्यांनीच विचारावं.